शाळेसाठी जादा कर मागताना: लेव्ही आणि बाँडच्या मतदानाची तयारी

अमेरिकेत घर घेताना आपल्यापैकी बहुतेकांनी आधी शाळांचे रेटिंग पाहिलेले असते आणि मग स्वयंपाकघर. त्या रेटिंगमागचा पैसा कुठून येतो हे मात्र अनेकांना फार उशिरा कळते, म्हणजे स्कूल बोर्ड नवी लेव्ही (शाळांच्या रोजच्या खर्चासाठीचा जादा कर) किंवा बाँड (इमारतींसाठीचे कर्ज) मतदारांपुढे ठेवण्याचा ठराव मंजूर करते आणि पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) बैठकीत कुणीतरी विचारते, की प्रचारसमितीत कोण कोण येणार. मी अशा दोन प्रचारांत काम केले आहे. पहिल्यात आम्ही हरलो, दुसऱ्यात थोडक्यात निभावलो, आणि या दोन्हींतला फरक पैशांचा किंवा घोषणांचा नव्हता. पहिल्या वेळी "माझ्या घराला किती पडणार?" या प्रश्नाचे सरळ उत्तर आमच्यापैकी निम्म्या लोकांना देता येत नव्हते, हे त्या पराभवाचे कारण होते असे माझे मत आहे. पुढे जे लिहिले आहे ते त्या प्रश्नाभोवतीच फिरते.

आधी व्यवस्था समजून घ्या

देशभराची सरासरी काढली तर सार्वजनिक शाळांच्या खर्चात राज्य सरकार आणि स्थानिक कर यांचा वाटा प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात जातो आणि फेडरल सरकारचा हिस्सा साधारण एक दशांश असतो. स्थानिक वाट्याचा बहुतांश भाग प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, त्यामुळे एका गावातल्या शाळेला जे सहज परवडते ते शेजारच्या गावातल्या शाळेला परवडत नाही. ही तफावत घटनाबाह्य ठरवावी, अशी मागणी टेक्सासमधल्या पालकांनी केली होती. १९७३ साली सॅन अँटोनिओ विरुद्ध रॉड्रिग्ज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती फेटाळली आणि शिक्षण हा फेडरल राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नसल्याचे सांगितले. तेव्हापासून हा प्रश्न राज्यांच्या न्यायालयांत, विधिमंडळांत आणि गावोगावच्या मतपत्रिकांवर पडून आहे.

मतदारांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते याचा अर्थ बोर्डाने पैसे उधळले असाच होतो, असे नाही. अनेक राज्यांनी कायद्यानेच स्थानिक कराला वेसण घातलेली आहे. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने, प्रॉपर्टी टॅक्सचा मूळ दर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला. न्यू यॉर्कमध्ये करवसुलीची वाढ साधारणपणे दोन टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्यात बसवावी लागते आणि ती मर्यादा ओलांडायची असेल तर साठ टक्के मते लागतात. ओहायोत १९७६ च्या एका कायद्यामुळे घरांचे मूल्यांकन वाढले तरी मतदारांनी पूर्वी मंजूर केलेल्या बहुतेक लेव्हींचे उत्पन्न जवळपास तिथेच राहते, म्हणजे शिक्षकांचे पगार, आरोग्यविमा आणि बसचे डिझेल वर जात असताना लेव्हीची रक्कम जागची हलत नाही. आपल्या राज्यातली ही वेसण कोणती आहे हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे, कारण "मागच्याच वेळी तर दिले होते, ते कुठे गेले?" हा प्रश्न पहिल्या दहा दारांत एकदा तरी येतोच.

व्हर्जिनिया आणि मेरीलँडसारख्या राज्यांत स्कूल बोर्डाला स्वतःचा कर बसवता येत नाही, शाळांचा पैसा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) किंवा शहराच्या अंदाजपत्रकातून येतो. तिथल्या वाचकांना पुढचा बराचसा भाग काउंटीच्या बाँडपुरताच लागू पडेल.

लेव्ही आणि बाँड यांची गल्लत प्रचारातले कार्यकर्तेसुद्धा करतात. रोजचा खर्च, म्हणजे पगार, समुपदेशक, बस, संगीताचे वर्ग, लेव्हीतून चालतो आणि ती काही वर्षांनी संपते किंवा नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. बाँड म्हणजे इमारतींसाठी काढलेले कर्ज, जे वीस-तीस वर्षे व्याजासह फेडले जाते आणि ज्यातून पगार देता येत नाहीत. वॉशिंग्टन राज्यात "बाँड बांधण्यासाठी, लेव्ही शिकण्यासाठी" अशा अर्थाचे एक वाक्य सर्रास वापरतात आणि ते खरोखर उपयोगी आहे. छत गळणाऱ्या शाळेचा फोटो लेव्हीच्या पत्रकावर छापला, तर एखादा जाणकार मतदार तुम्हाला जाहीर बैठकीत उघडे पाडेल, आणि ते योग्यच होईल.

मग बहुमत किती लागते ते पाहा, कारण प्रचाराचे सगळे गणित त्यावर उभे राहते. वॉशिंग्टनमध्ये २००७ च्या घटनादुरुस्तीपासून लेव्हीला साधे बहुमत पुरते, पण बाँडला साठ टक्के मते लागतात आणि शिवाय एकूण मतदान मागच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या किमान चाळीस टक्के व्हावे लागते. कॅलिफोर्नियात शाळांच्या इमारतींचे बाँड २००० सालच्या प्रपोझिशन ३९ मुळे पंचावन्न टक्क्यांवर मंजूर होऊ शकतात, मात्र त्यासोबत नागरिकांची देखरेख समिती आणि दरवर्षीचे ऑडिट बंधनकारक आहे. आयडाहोत बाँडला दोन तृतीयांश मते लागतात, तर मिझुरीत निवडणुकीच्या महिन्यानुसार चार सप्तमांश किंवा दोन तृतीयांश. हे अपूर्णांक कागदावर निरुपद्रवी दिसतात. साठ टक्क्यांची अट म्हणजे प्रत्येक नकारामागे दीड होकार हवा, आणि दोन तृतीयांश म्हणजे प्रत्येक नकारामागे दोन. एका चिडलेल्या शेजाऱ्याने आपल्या पत्नीलाही मतदानाला नेले, तर दोन तृतीयांशाच्या अटीत त्या दोन नकारांसाठी तुम्हाला चार होकार जास्त मिळवावे लागतील, इतका तो हिशेब रोखठोक आहे.

बोर्डाचे काम वेगळे, समितीचे वेगळे

करदात्यांच्या पैशाने करदात्यांनाच "होय म्हणा" असे सांगता येत नाही, हा नियम जवळपास सर्वत्र आहे. १९५३ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयासमोर पार्सिपनी-ट्रॉय हिल्सच्या स्कूल बोर्डाने छापलेल्या एका पुस्तिकेचा खटला आला होता. पुस्तिकेत बांधकामाची माहिती आणि आकडे होते, पण त्याबरोबर होकार देण्याचे आवाहन आणि होकार न दिल्यास काय होईल याचे भीतीदायक पानही होते. माहिती देणे चालेल, एका बाजूने आवाहन करणे सार्वजनिक खर्चाने चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. तो लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियातही १९७६ च्या स्टॅन्सन विरुद्ध मॉट या निकालाने हीच रेषा आखली.

व्यवहारात याचा अर्थ असा, की डिस्ट्रिक्टने (गावातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने) वस्तुस्थितीचे पत्रक काढावे, सुपरिंटेंडेंटने (तिच्या मुख्य अधिकाऱ्याने) बैठकीत आकडे सांगावेत, आणि "होय म्हणा" हे शब्द फक्त तुमच्या समितीने, तुमच्या पैशाने, तुमच्या ईमेलवरून लिहावेत. शाळेचा कॉपियर, शाळेच्या पत्त्यांची यादी, कामाच्या वेळेतले शिक्षक आणि मुलांच्या दप्तरातून घरी जाणारी पत्रके या चार गोष्टींपासून लांब राहा. शिक्षकांनी संध्याकाळी किंवा शनिवारी स्वतःच्या वेळेत दारोदार फिरण्याला सहसा आडकाठी नसते, आणि आपल्या मुलाला दुसरीत शिकवलेल्या बाई दारात आल्या की माणसे दार लावून घेत नाहीत.

समितीची नोंदणी राज्याच्या किंवा काउंटीच्या नियमांप्रमाणे करावी लागते, स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते, देणगीदारांची नावे ठरलेल्या तारखांना जाहीर करावी लागतात आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक फलकावर, पत्रकावर खर्च कोणी केला हे छापावे लागते. म्हणून अध्यक्षाच्याही आधी खजिनदार शोधा. प्रत्येक महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या चहाचा हिशेब शेवटच्या डॉलरपर्यंत जुळवल्याशिवाय झोप न लागणारी एक व्यक्ती असते. तिच्याकडे जा.

मंडळाचा उल्लेख निघालाच आहे, तर दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण त्या इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, या प्रकारात नोंदलेल्या मंडळाला किंवा पीटीएला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार अजिबात करता येत नाही. लेव्ही किंवा बाँडसारख्या मतपत्रिकेवरच्या प्रश्नाला पाठिंबा देणे मात्र लॉबिंगमध्ये (कायदा किंवा ठराव मंजूर व्हावा म्हणून केलेल्या प्रयत्नांत) मोडते आणि ते मर्यादेत चालते. तेव्हा "आम्ही राजकारणात पडत नाही" असे म्हणून विषय संपवणाऱ्या कार्यकारिणीला हा फरक नम्रपणे समजावून सांगा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या पालकांना या प्रश्नांवर मत देता येत नाही, आणि नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणे किंवा मत टाकणे याची परिणती देशातून काढून टाकण्यात होऊ शकते. उत्साहाच्या भरात ओळखीच्या प्रत्येकापुढे नोंदणीचा अर्ज सरकवू नका, आधी "तुम्ही सिटिझन आहात ना?" असे स्पष्ट विचारा. नागरिक नसलेल्यांकडून देणगी घेण्याचे नियमही राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून तसा चेक खजिनदाराने निवडणूक कार्यालयाला विचारल्याशिवाय भरू नये.

"माझ्या घराला किती पडणार?"

आता मुख्य गोष्ट. लेव्हीचा दर मतदाराला समजेल अशा भाषेत क्वचितच लिहिलेला असतो. ओहायोत तो मिलमध्ये असतो. एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या हजार डॉलरमागे एक डॉलर, आणि करपात्र मूल्य म्हणजे बाजारभावाच्या पस्तीस टक्के. समजा पाच मिलची नवी लेव्ही आहे आणि घराची किंमत ३,००,००० डॉलर ठरलेली आहे. पस्तीस टक्क्यांनी करपात्र मूल्य १,०५,००० डॉलर होते, त्यावर पाच मिल म्हणजे वर्षाला ५२५ डॉलर, महिन्याला पावणेचव्वेचाळीस. "पाच मिल" ऐकून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही, आणि जे दिसत नाही त्याची माणसे जास्त धास्ती घेतात. वॉशिंग्टनमध्ये दर थेट मूल्यांकनाच्या हजार डॉलरमागे सांगतात, त्यामुळे दीड डॉलरचा दर ६,००,००० डॉलरच्या घराला वर्षाला ९०० डॉलर होतो. पण तिथे मतदार मंजूर करतात ती एकूण वसूल करायची रक्कम, दर हा अंदाज असतो. गावातली घरे महागली की दर खाली येतो, रक्कम वाढत नाही. ही बाब समजावून सांगितली तर निम्मा संशय तिथेच मावळतो.

प्रत्येक कार्यकर्त्याकडे एक छोटा तक्ता असावा, ज्यात घराची किंमत पन्नास-पन्नास हजारांच्या टप्प्यांनी आणि समोर वर्षाचा कर लिहिलेला असेल. हा तक्ता डिस्ट्रिक्टच्या वित्त अधिकाऱ्याकडून किंवा काउंटीकडून तपासून घ्या. आम्ही पहिल्या वेळी तो स्वतः बनवला, त्यात करपात्र मूल्य आणि बाजारभाव यांची सरमिसळ झाली, आणि चूक विरोधकांनी पकडली. पुढचे तीन आठवडे आम्ही शाळांबद्दल नव्हे, तर त्या तक्त्याबद्दलच बोलत होतो.

आकडा वर्षाचा सांगावा, असा माझा आग्रह आहे. "दिवसाला एका कॉफीपेक्षा कमी" हे सल्लागारांचे लाडके वाक्य आहे आणि मला ते अजिबात पटत नाही. ज्याला कर जड जातो तो माणूस बिल वर्षाचे किंवा सहामाहीचे भरतो, कॉफीचे नव्हे, आणि आपल्याला गोंजारले जात आहे हे त्याला लगेच कळते. शिवाय मतपत्रिका काही लपवू देत नाही. टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्यानंतर शाळेच्या बाँडच्या प्रत्येक प्रश्नाखाली "ही प्रॉपर्टी टॅक्समधील वाढ आहे" अशा अर्थाचे वाक्य छापावे लागते, मग दर प्रत्यक्षात वाढो वा न वाढो. मिनेसोटातही नव्या लेव्हीच्या प्रश्नासोबत "होय म्हणजे करवाढीला होय" असा इशारा असतो. जे वाक्य मतदार शेवटी पेन हातात घेऊन वाचणारच आहे, ते त्याने प्रथम तुमच्या तोंडून ऐकलेले बरे.

बाँडच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. जुना बाँड फिटत असतानाच नवा काढला, तर करदर आहे तिथेच राहतो आणि समित्या आनंदाने "करवाढ शून्य" असे फलक लावतात. हे अर्धे सत्य आहे. नवा बाँड नाकारला असता तर दर खाली आला असता, म्हणजे होऊ शकणारी करकपात सोडून द्या, असे आपण लोकांना सांगत आहोत. "दर वाढणार नाही, पण नाही म्हणालात तर तो कमी होईल, आणि तो कमी होऊ न देण्याचे कारण हे आहे" अशी मांडणी करणाऱ्या कार्यकर्त्यावर लोक विश्वास ठेवतात.

ज्येष्ठ नागरिकांसाठी काय सवलत आहे हे आधी शोधून ठेवा. टेक्सासमध्ये पासष्टीनंतर राहत्या घरावरच्या शाळा-कराला कमाल मर्यादा लागते, म्हणून घरात मोठी भर घातली नसेल तर नव्या बाँडमुळे त्यांचा कर वाढत नाही. वॉशिंग्टनमध्ये ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या ज्येष्ठांना मतदारांनी मंजूर केलेल्या जादा लेव्हींतून सूट मिळते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. न्यू जर्सीत पात्र ज्येष्ठांना वाढलेल्या कराची भरपाई देणारी योजना आहे. आमच्या दुसऱ्या प्रचारात आम्ही हे अर्ज छापून सोबत ठेवत असू. मत कोणत्याही बाजूला जावो, अर्ज मात्र त्यांच्या हातात देऊन येत असू.

एका दाराची आठवण सांगतो. ऑक्टोबरचा शनिवार होता. एका निवृत्त गृहस्थांनी दार उघडले आणि माझ्या हातातले पत्रक पाहून "मुले मोठी होऊन तीस वर्षे झाली" एवढेच म्हणाले. मी शाळेचे गुणगान सुरू करणार, तेवढ्यात माझ्याबरोबरच्या निवृत्त शिक्षिकेने त्यांना मागच्या वर्षीचे टॅक्सचे बिल हाताशी आहे का, असे विचारले. ते आत जाऊन घेऊन आले. काउंटी, ग्रंथालय, अग्निशमन, शाळा अशा ओळी तिने बोटाने दाखवल्या, बिलाच्या मागे पेन्सिलीने त्यांच्याच घराचे गणित मांडले आणि शेवटच्या आकड्याखाली रेघ ओढली. त्यांनी चष्मा वर सरकवून तो आकडा पुन्हा स्वतः करून पाहिला. "मला वाटले होते याच्या दुप्पट असेल," ते म्हणाले. त्यांनी होकार दिला नाही, अंगणात फलकही लावू दिला नाही, पण शाळेत आता वर्गात किती मुले असतात, असे मात्र विचारले. यादीत त्यांच्या नावापुढे मी "अनिश्चित" लिहिले. त्या गल्लीत मला दिवसभरात मिळालेली ती सर्वांत मोठी कमाई होती.

मतांची मोजणी आधी, प्रचार नंतर

बोर्डाचा ठराव निवडणुकीच्या बराच आधी दाखल व्हावा लागतो. ओहायोत ही मुदत नव्वद दिवसांची आहे. त्यामुळे समितीचे काम सहा-आठ महिने आधी सुरू झाले तर घाई होत नाही. काउंटीच्या निवडणूक कार्यालयातून मतदारयादी मिळते. कोणी कोणाला मत दिले हे गुप्त असते, पण कोणत्या निवडणुकांत मतदान केले हे तिच्यात दिसते. अशाच प्रकारच्या आधीच्या दोन-तीन निवडणुकांत किती मतदान झाले ते पाहा. समजा साधारण ९,००० लोक मतदान करतात. साध्या बहुमताला ४,५०१ मते पुरतील, साठ टक्क्यांना ५,४०० लागतील. थोडा वाव ठेवून पाच किंवा सहा हजार हे लक्ष्य धरा आणि तेवढी नावे, होय, प्रत्यक्ष नावे, यादीत सापडेपर्यंत फिरत राहा.

फेब्रुवारी, एप्रिल किंवा मे महिन्यातल्या मतदानाला फार थोडे लोक येतात. न्यू यॉर्कमध्ये शाळांच्या अंदाजपत्रकाचे मतदान मेच्या तिसऱ्या मंगळवारी असते, आणि त्या दिवशी मतदान आहे हेच अनेक पालकांना ठाऊक नसते. शाळकरी मुले असलेली घरे बहुतेक गावांत अल्पसंख्य असतात, आणि तीच मतदानाला कमी येतात. म्हणून सुरुवात पालकांपासून करा. प्रत्येक शाळेची पालकांची यादी स्वयंसेवकांनी मिळून मतदारयादीशी ताडून पाहावी. मात्र ती यादी शाळेकडून न मागता प्रत्येकाने आपल्या ओळखीतून बनवावी. किती पालकांची नावनोंदणीच झालेली नाही, हे पाहून आम्ही चकित झालो होतो.

प्रत्येक संभाषणानंतर एक ते पाच असा आकडा लिहायची पद्धत आहे. एक म्हणजे पक्का होकार, पाच म्हणजे पक्का नकार. पाचवाल्यांशी वाद घालू नका, आभार मानून पुढच्या घरी जा. मला ही शिस्त शिकायला वेळ लागला, कारण चांगला वाद सोडून जाणे आपल्या रक्तात नाही. तुमचा वेळ दोन आणि तीनवाल्यांसाठी आहे, आणि शेवटचे दिवस पूर्णपणे एकवाल्यांसाठी, ज्यांना पटलेले आहे पण मतपत्रिका अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

अंगणातल्या फलकांबद्दल एवढेच सांगतो, की ते कार्यकर्त्यांचा हुरूप टिकवतात. फलक मत देत नाहीत.

कोणते प्रश्न येतात

लॉटरीचे पैसे शाळांनाच जातात ना, हा प्रश्न हमखास येतो. जातात, पण कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यातही तो वाटा शाळांच्या उत्पन्नाच्या एक-दीड टक्क्याच्या आसपास असतो. आपल्या राज्याचा आकडा शोधून तोच सांगा.

मुलांची संख्या घटत असताना पैसे जास्त का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. चाळीस मुले कमी झाली तर ती एका वर्गातून जात नाहीत, बारा इयत्तांतून तीन-चार अशी जातात, म्हणून एकही वर्ग बंद करता येत नाही आणि एकही बस कमी होत नाही. पण राज्याचे अनुदान मुलांच्या संख्येवर असेल तर ते मात्र लगेच घटते. त्याच वेळी, घट खरोखर मोठी असेल आणि एखादी शाळा अर्धी रिकामी असेल, तर ती बंद करण्याचा विचार बोर्डाने केला का, हे तुम्ही आधीच विचारून ठेवलेले असले पाहिजे.

प्रशासकीय पगारांवर लोक बोलतात, तेव्हा खवळून न जाता अंदाजपत्रकातली टक्केवारी दाखवा. तुम्हालाही एखादे पद अनावश्यक वाटत असेल तर तसे म्हणा. समिती म्हणजे बोर्डाची प्रवक्ती नव्हे, हे लोकांना त्यातूनच कळते.

लेव्ही नाकारली गेली तर काय काय बंद होईल, याची यादी बोर्डाने जाहीर बैठकीत ठराव करून मंजूर केलेली असेल तरच वापरा. फुटबॉल आणि बस बंद होतील अशी हवा पसरवली, लेव्ही पडली, आणि फुटबॉल तरीही सुरू राहिला, तर पुढची दहा वर्षे त्या गावात तुमचे कोणी ऐकणार नाही. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत मतदारांना मिळणाऱ्या पुस्तिकेत बाजूचे आणि विरोधाचे निवेदन शेजारी-शेजारी छापतात. तुमचे निवेदन लिहून झाले की ते विरोधकाच्या नजरेने एकदा वाचा आणि जे विशेषण खोडता येईल ते खोडा.

शेवटचे तीन आठवडे

वॉशिंग्टनसारख्या राज्यांत सगळे मतदान टपालाने होते आणि मतपत्रिका निवडणुकीच्या सुमारे अडीच आठवडे आधी घरी पोहोचतात. परत आलेल्या मतपत्रिकांची यादी निवडणूक कार्यालयाकडून ठरावीक दिवसांनी मिळवता येते. ज्यांचे मत पोहोचले त्यांची नावे खोडा आणि उरलेल्या एक आणि दोनवाल्यांना फोन करा. लांबलचक भाषण नको. "काका, मतपत्रिकेचं पाकीट उघडलंत का?" एवढे पुरते.

आपल्या घरांत मुलांकडे राहायला आलेले आणि पुढे नागरिक झालेले आजी-आजोबा असतात, आणि ते मतदानाला उत्साहाने तयार असतात, पण त्यांना कोणी विचारत नाही. त्यांच्या बाबतीत एक लहानशी अडचण वारंवार येते. पाकिटावरची सही मतदारनोंदीतल्या सहीशी ताडून पाहिली जाते. नोंदणीच्या वेळी इंग्रजीत सही केलेली आणि पाकिटावर सवयीने देवनागरीत केली, तर मत अडकू शकते. अशा वेळी कार्यालय पत्र किंवा फोन करून सही जुळवून घेण्याची संधी देते, म्हणून अनोळखी नंबरवरचा तो फोन उचलायला त्यांना सांगून ठेवा. मतपत्रिका मात्र त्यांनी स्वतःच भरायची. भाषा समजावून सांगणे वेगळे आणि वर्तुळ आपण रंगवणे वेगळे.

निकालानंतर

हरलात तर पहिल्या आठवड्यात काहीही जाहीर बोलू नका. मग मतदानकेंद्रनिहाय आकडे मागवा, कुठे लोक आलेच नाहीत आणि कुठे येऊन नकार देऊन गेले हे वेगळे करा, आणि नकार देणाऱ्यांपैकी दहा-बारा जणांना चहाला बोलावून फक्त ऐका. न्यू यॉर्कमध्ये मे महिन्यात अंदाजपत्रक पडले तर बोर्ड जूनच्या तिसऱ्या मंगळवारी पुन्हा मतदान घेऊ शकते आणि तेही पडले तर करवसुली मागच्या वर्षीच्या पातळीवर गोठते. त्यामुळे तिथे विचाराला महिनाभरच मिळतो. इतरत्र सहा महिने किंवा वर्ष मिळते. रक्कम कमी करून परत यायचे, की तीच रक्कम चांगल्या रीतीने समजावून सांगायची, हे त्या बारा जणांच्या बोलण्यावरून ठरवा.

जिंकलात तर दुसऱ्याच दिवशी फलक उतरवा, तारांसकट, आणि त्या तारा गॅरेजमध्ये बांधून ठेवा, कारण पुन्हा लागतात. देखरेख समिती असेल तर तिच्यात नकार देणाऱ्यांपैकी एखाद्याने यावे म्हणून प्रयत्न करा. खजिनदाराने उरलेल्या पैशांचा निकाल नियमांप्रमाणे लावून शेवटचा अहवाल भरावा आणि बँक खाते बंद करावे. मतदारयादीची फाइल, एक ते पाच आकड्यांसह, एका पेन ड्राइव्हवर घालून तिच्यावर लेव्ही संपण्याचे साल लिहा आणि ज्यांची मुले आज किंडरगार्टनमध्ये आहेत अशा एखाद्या पालकाकडे ती सोपवा.